हवेतली गिरकी

नव्वदच्या दशकात वसई-विरारमध्ये व्हिडिओ गेम पार्लरवर हात साफ केलेल्यांना रयूची गिरकी आठवत असेल. कॅपकॉमच्या १९९१च्या ‘स्ट्रीट फायटर २’मध्ये जॉयस्टिक खालून मागे वळवून किकचं बटण दाबलं, की रयू एक पाय ताठ करून भिंगरीसारखा फिरत सरळ पुढे जायचा. काय रुबाब होता त्या किकमध्ये!

प्रत्यक्षात तसं तरंगता येत नाही. अर्धा मीटर उंच उडी मारणारा माणूस जेमतेम ०.६ सेकंद हवेत असतो. गेममध्ये मात्र गिरकी संपेपर्यंत प्रोग्रॅम रयूला खाली येऊच देत नाही.

गिरकीचा जोर जमिनीवरूनच घ्यावा लागतो. पाय सुटले, की तो वाढवता येत नाही. म्हणूनच ५४० अंशांची किक मारणारा तायक्वांदोपटू आधी हात छातीशी ओढतो, पाय दुमडतो. वस्तुमान अक्षाजवळ आलं, की फिरण्याचा वेग वाढतो. पाय ताणला, की तो मंदावतो, म्हणून पाय अगदी शेवटच्या क्षणी बाहेर येतो. रयूचा पाय सुरुवातीपासूनच ताणलेला! त्याच गेममधली चुन-ली तर उलटी होऊन, दोन्ही पाय फाकवून फिरते. तिथे वेग टिकवणं आणखी कठीण.