दोन गाद्यांच्या गावात

या हप्त्यात 'फॉल फ्लॅट' या इंग्रजी वाक्प्रचाराचं वचन दिलं होतं खरं, पण ते थांबेल. बागलीहून पत्र आलंय. देवास जिल्ह्यातल्या त्या गावी इंग्रजीच्या शिकवण्या घेणाऱ्या एका बाई लिहितात, की त्यांच्या विद्यार्थ्यानं निबंधात लिहिलं, दोन कॉलेजांत प्रवेश मिळाला आणि 'आय फेल बिट्वीन टू स्टूल्स'. बाईंनी लाल रेघ मारली. पोरगा हटून बसलाय.

बाई, रेघ राहू द्या. दोन जागा चालून येणं म्हणजे पडणं नव्हे. इकडे की तिकडे करत पोरानं फी भरायची मुदत घालवली असती आणि दोन्हीकडून नाव कटलं असतं, तर वाक्य शंभर टक्के बरोबर. आपल्याकडे दोन्ही डगरींवर हात ठेवणारा अजून उभा असतो, तेलही गेलं तूपही गेलं म्हणणाऱ्याचं सगळं होऊन चुकलेलं असतं. इंग्रजीनं मधला आपटण्याचा क्षण पकडलाय.

हल्ली हा प्रयोग माणसांपेक्षा त्यांच्या कामांबद्दल जास्त होतो. अभ्यासकांना उथळ आणि साध्या वाचकाला जड, असं पुस्तक 'फॉल्स बिट्वीन टू स्टूल्स'. परीक्षणकर्त्यांचं हे आवडतं हत्यार. 'टू'च्या आधी 'द' घालायचा नाही, एवढं पोरांना सांगा. आणि 'फॉल थ्रू द क्रॅक्स'शी गल्लत नको. तिथे माणूस कुणाच्या लक्षातच येत नाही, इथे तो दोन्ही साधायला जातो.

मूळ रोममध्ये. नाटककार लाबेरिअस नाट्यगृहात जागा शोधत होता. सिसेरो म्हणाला, जागा दिली असती, पण आम्हीच दाटीनं बसलोय. सीझरनं सिनेटमध्ये माणसं कोंबली होती, तो टोमणा. लाबेरिअसनं परतफेड केली: तुम्ही तर एरवी दोन आसनांवर बसता! सीझर आणि पाँपे, दोघांशी जमवून घेणाऱ्या सिसेरोला ते चांगलंच झोंबलं असणार. गंमत म्हणजे यात पडणं नाहीच. इंग्रजीत ते चौदाव्या शतकाअखेर गॉवर या कवीकडे दिसतं, आणि 1546 च्या हेवुडच्या म्हणींच्या पुस्तकात तर बूड थेट जमिनीवर.

पत्रावर देवास वाचलं आणि मला राहवेना. तुकोजी आणि जिवाजी पवार हे भाऊ बाजीरावाबरोबर माळव्यात आले; 1728 पासून देवास त्यांचं. पुढे एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती, दोन राजे, दोन राजवाडे, दोन दरबार. 1948 मध्ये मध्य भारतात विलीन होईपर्यंत हे चाललं. कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर 1921 मध्ये थोरल्या पातीच्या तिसऱ्या तुकोजीरावांचा खासगी सचिव होता. गावाच्या डोक्यावरच्या देवीच्या टेकडीचं नाव त्यानं 1953 मध्ये आपल्या पुस्तकाला दिलं.

दोन आसनं इतकी जवळ, म्हणून मी मध्ये आपटलेला कुणी सापडतो का ते बरंच शोधलं. सापडले ते तुकोजीरावच, पण ते स्वतःच्याच गादीवरून गेले. कारभार कर्जात बुडाला, 1933 मध्ये त्यांनी फ्रेंचांचं पाँडिचेरी गाठलं आणि 1937 मध्ये तिथेच वारले. याला स्टूल्स चालणार नाहीत, इथे 'फॉल फ्रॉम ग्रेस' हवं. तो हप्ता त्यांच्या नावे राखून ठेवतो. 'फॉल फ्लॅट' त्याच्यानंतर.