सुंभ तोच, पीळ उलटा

‘मिथाइल म्हणजे डीएनएवर लावलेली नुसती खूण. जनुक बंद ठेवायचं, एवढंच ती सांगते. आकाराला काही होत नाही.’ हे वाक्य शिकवणीच्या नोट्समध्ये, आरोग्याच्या लेखांत, व्याख्यानांनंतरच्या गप्पांत इतक्यांदा कानावर येतं की आता खरंच चीड येते. ते चूक असल्याचं १९८१ पासून छापील आहे.

डीएनएचा नेहमीचा पीळ उजवा. पण सी (सायटोसिन) आणि जी (ग्वानिन) ही अक्षरं एकाआड एक आली की तोच धागा डावा पीळही घेऊ शकतो. १९७९ मध्ये एमआयटीत अलेक्झांडर रिच यांच्या गटाला सहा अक्षरी तुकड्याच्या स्फटिकात तो दिसला. कणा नागमोडी, म्हणून नाव झेड-डीएनए. यात ऋणभारित फॉस्फेट जवळजवळ येऊन एकमेकांना ढकलतात. त्यांना आवरायला क्षार लागतात, तेही भरपूर.

संशोधक बीही आणि फेल्सेनफेल्ड यांनी १९८१ मध्ये अशाच क्रमाच्या लांब धाग्यातल्या सायटोसिनांवर मिथाइल बसवले. मिथाइल म्हणजे एक कार्बन, तीन हायड्रोजन. पीळ उलटायला लागणारं क्षारातलं मॅग्नेशियम सुमारे हजारपटीने घटलं! सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात; इथे सुंभाला धगही न लागता पीळ फिरतो.

का, ते नीट पाहा. मिथाइल तेलासारखा, पाण्याशी न पटणारा. उजव्या पिळात तो रुंद खाचेत पाण्यासमोर उघडा पडतो. डाव्या पिळात कण्यातल्या शेजारच्या साखरेच्या आणि ग्वानिनच्या आडोशाला जातो. त्याला आडोसा मिळतो, म्हणून तो आकार स्वस्त पडतो.

म्हणून मिथाइल असलेला सगळाच डीएनए डावा होतो का? अजिबात नाही. अक्षरांचा क्रम हवा, शिवाय पुरेसे क्षार किंवा धाग्यावर उलट्या पिळाचा ताणही हवा.

आणखी काही. डावा पीळ म्हणजे आरशातलं प्रतिबिंब नव्हे. साखर तीच, तिचा डावे-उजवेपणाही तोच. रासायनिक बदलाने डीएनएची घडी पक्कीच होते असंही नाही: चार-चार ग्वानिनांच्या जी-क्वाड्रुप्लेक्समध्ये गाभ्यातल्या एका ग्वानिनला ऑक्सिजन चिकटला की घडी सहसा खिळखिळी होते. आणि ‘असे आकार फक्त परीक्षानळीत’ म्हणणाऱ्यांसाठी: सायटोसिनांची आय-मोटिफ ही घडी प्रयोगशाळेत बहुतेकदा आम्ल मागते, तरी २०१८ मध्ये सिडनीच्या गार्व्हन संस्थेतल्या संशोधकांना ती मानवी पेशींच्या केंद्रकात प्रतिपिंडाच्या साहाय्याने दिसली.