मोटारींतील खर्ज

आमच्या वर्धा जिल्ह्यांत कुटुंबानें गाणें ऐकण्याची जागा गेल्या कांहीं वर्षांत बदलत चालली आहे, ही गोष्ट वाचकांपैकीं पुष्कळांच्या ध्यानांत आली असेल. पूर्वीं माजघरांत रेडिओ असे व त्याच्याभोंवतीं घरांतील लहानथोर मंडळी बसत. आतां ज्याचें यंत्र त्याच्या हातांत आणि कापसाच्या बोंडाएवढीं तीं दोन बोंडें ज्याचीं त्याच्या कानांत! सर्वांनीं एकत्र बसून एकच गाणें ऐकण्याचा प्रसंग उरला आहे तो बहुधा मोटारींतला. वर्ध्याहून नागपूर सुमारें पाऊणशें किलोमीटर. शिवाय आर्वी, हिंगणघाट, पुलगांव येथील सोयरेधायरे. या फेऱ्यांत आजी, सून, नातू अशा तीन पिढ्या तास-दीड तास एका लहानशा पेटींत बसलेल्या असतात, आणि त्या पेटींतून सुटका नसते. म्हणून तेथील आवाज कसा लावलेला आहे हा प्रश्न केवळ तरुणांच्या हौसेचा राहत नाहीं. त्यांत घरांतल्या मंडळींच्या कानांचा, हजारों रुपयांच्या यंत्राचा आणि गाण्याचाहि संबंध येतो.

ध्वनि म्हणजे हवेचें कंपन. निरोगी तरुण कानास सेकंदाला २० पासून २०,००० पर्यंत कंपनें ऐकूं येतात; वय वाढलें कीं वरची मर्यादा खालीं सरकते, हें आमच्यासारख्यांना कोणी सांगावयास नको. पुष्कळ पुरुष गायकांचा षड्ज काळी एकच्या आसपास असतो. त्याचीं कंपनें सेकंदाला सुमारें १३९, आणि तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेचीं त्याच्या निम्मीं, म्हणजे सुमारें ६९. मोटारीच्या दारांत बसविलेला सहा-साडेसहा इंची ध्वनिवर्धक या खर्जाला पुरा पडत नाहीं. कंपनें निम्मीं झालीं कीं तितकाच आवाज काढण्यास त्याच्या पडद्याला चौपट हेलकावा घ्यावा लागतो. लहान पडद्यास तो झेपत नाहीं. म्हणून डिकींत दहा वा बारा इंची पडद्याचा निराळा ध्वनिवर्धक पेटींत घालून ठेवतात. हाच सबवूफर, आणि त्याला वीज पुरविणारा, क्षीण ध्वनिसंकेत बलवान् करणारा तो ऍम्प्लिफायर.

गेल्या वर्षीं माझ्या पुतण्यानें अशी जोडी एका दुकानांतून बसवून घेतली. दुकानदारानें त्याला खूष करण्यासाठीं ऍम्प्लिफायरवरील सगळ्या खुंट्या उजवीकडे शेवटपर्यंत पिळून दिल्या. पहिल्याच फेरींत प्रकार असा झाला कीं, ख्यालाच्या विलंबित लयींत डग्ग्यावर थाप पडली कीं मागची नंबराची पाटी खडखडे, गायकाचा आलाप जणूं गोधडींत गुंडाळल्यासारखा ऐकूं येई, आणि मागें बसलेल्या आमच्या थोरल्या वहिनी बुटीबोरीपाशींच म्हणाल्या, "बाळ, हें बंद कर, माझ्या छातींत कोणी कांडतें आहे." महिन्याभरांत डिकींतून जळक्या लाखेसारखा वास येऊं लागला. सबवूफरच्या आंतील तारेचें वेटोळें करपत होतें. नवा सबवूफर घेण्यापूर्वीं आम्ही चुलते-पुतणे दोन रविवार अंगणांत गाडी लावून बसलों. त्यानें यंत्राच्या पुस्तिका वाचाव्या, मीं आंकडेमोड करावी, अशी वांटणी होती. त्यांतून जें निष्पन्न झालें तें येथें सांगतों.

सर्वांत अधिक घोटाळा 'गेन' नांवाच्या खुंटीसंबंधीं आहे. ती आवाज लहानमोठा करण्याची खुंटी आहे असें बहुतेकांस वाटतें, तसें नाहीं. मोटारीच्या पुढील फळींतल्या यंत्रांतून निघणारा संकेत कोठें २ व्होल्टांचा असतो, कोठें ४. ऍम्प्लिफायरनें किती व्होल्टांच्या संकेताला आपली पूर्ण शक्ति द्यावयाची, एवढें ही खुंटी ठरविते. नळाची धार व खालीं धरलेल्या भांड्याचें तोंड यांचा मेळ घालण्यासारखें हें काम आहे. खुंटी फार पिळली कीं पुढच्या यंत्राचा आवाज निम्म्यावर असतांनाच ऍम्प्लिफायरची शक्ति संपते. मग तो लाटेचा माथा पुरा काढूं शकत नाहीं; माथे कापले जाऊन लाट सपाट होते. कानाला तो आवाज फाटका लागतो, आणि यंत्राला त्याहून वाईट. गोलसर लाट आणि तितक्याच उंचीची अगदीं सपाट, चौकोनी लाट यांत दुसरीची सरासरी शक्ति दुप्पट भरते. ही जादा शक्ति वेटोळ्याच्या उष्णतेंत जाते. पुतण्याच्या सबवूफरचें वेटोळें करपलें तें यामुळें.

गेन लावण्याची निश्चित रीति आहे व ती वर्गमूळ येणाऱ्या कोणासहि जमेल. ऍम्प्लिफायरची अखंड शक्ति (पेटीवर मोठ्या अक्षरांत छापलेली क्षणिक शक्ति नव्हे, ती जाहिरात असते) वॅटमध्यें घ्यावी, तिला ध्वनिवर्धकाच्या ओहम या विरोधानें गुणावें, व गुणाकाराचें वर्गमूळ काढावें. आमच्याकडे २२५ वॅट व ४ ओहम. गुणाकार ९००, वर्गमूळ ३०. म्हणजे ऍम्प्लिफायरच्या टोकांवर ३० व्होल्टांपेक्षां अधिक दाब येऊं द्यावयाचा नाहीं. मग सबवूफरच्या तारा सोडवून ठेवाव्या, स्वर घटविण्या-वाढविण्याच्या इतर सर्व सोयी शून्यावर आणाव्या, गेनची खुंटी डावीकडे शेवटास न्यावी, आणि पुढच्या यंत्राचा आवाज पाऊण पट्टीवर ठेवून ५० कंपनांचा पूर्ण पातळीचा एकच सलग स्वर लावावा. असे तयार स्वर मिळतात. वीजमिस्त्रीचा मल्टीमीटर एसी व्होल्टांवर ठेवून त्याचीं टोकें ऍम्प्लिफायरच्या टोकांस लावावीं व खुंटी सावकाश उजवीकडे फिरवीत ३० आंकडा येतांच थांबावें. आमची खुंटी पुरती एक-तृतीयांशहि फिरली नाहीं! उरलेले दोन भाग दुकानदारानें केवळ नुकसानीसाठीं फिरविले होते असें म्हणावयाचें. पुढें सबवूफर जोडला कीं प्रवासांत आवाज पाऊण पट्टीपुढें न्यावयाचा नाहीं, हा नियम घरांतील मुलांस एकदां नीट समजावून द्यावा लागतो.

दुसरी खुंटी क्रॉसओव्हरची, म्हणजे वांटणीची. अमुक कंपनांच्या खालचे स्वर सबवूफरकडे व वरचे दारांतील ध्वनिवर्धकांकडे, अशी सीमा ती आंखते. साधारणतः ८० ही सीमा बरी पडते. त्याखालील स्वर कोणत्या दिशेनें आला हें कानाला फारसें कळत नाहीं. ८० कंपनांच्या लाटेची लांबीच सुमारें सव्वाचार मीटर, म्हणजे मोटारीच्या आंतील पोकळीहून मोठी. त्यामुळें खर्ज डिकींतून येत असूनहि तो गायकासमोरून आल्यासारखा वाटतो. सीमा १२० वा १५० वर नेली कीं मात्र गायकाचा षड्जच मागच्या पेटींतून येऊं लागतो व अर्धा गायक पुढें, अर्धा मागें अशी विचित्र स्थिति होते. वहिनींना आलाप गोधडींतला वाटला तो याच कारणानें. आमच्या तंबोऱ्याचा ६९ चा मूळ स्वर ८० च्या सीमेनें सबवूफरकडे जातो व त्याचे सर्व उपस्वर, ज्यांवर जवारीचें सौंदर्य अवलंबून असतें, ते पुढें राहतात. या दोहोंचें प्रमाण बिघडलें तर तंबोरा न वाजतां नुसता गुरगुरतो. तबल्याचेंहि तेंच. शाईच्या थरामुळें आपल्या चर्मवाद्यांचे उपस्वर सुरेल होतात हें चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं एका सहकाऱ्यासह १९२० सालीं दाखवून दिलें. डग्ग्यावर तळहात सरकवून वादक जी मींड काढतो तीहि तळच्या पट्टींतच खेळते. सबवूफर अवास्तव वाढविला कीं ती सगळी कारागिरी एका 'धब्ब' आवाजांत बुडून जाते. नव्या गाण्यांच्या तालांत हा दोष लवकर कळत नाहीं. म्हणून यंत्र लावतांना एखादा सावकाश ख्याल वा पखवाजाचा ठेका घ्यावा, असें माझें स्पष्ट मत आहे.

भरतमुनींनीं नाट्यशास्त्राच्या २८ व्या अध्यायांत श्रुति सिद्ध करण्यासाठीं दोन वीणा सांगितल्या आहेत. दोन्ही प्रथम सारख्या लावावयाच्या. मग एक तशीच अचल ठेवावयाची आणि दुसरी थोडथोडी उतरवून पहिलीशीं ताडून पाहावयाची. मोटारींत हाच क्रम उपयोगी पडतो. दारांतील ध्वनिवर्धक एकदां समाधानकारक लावून घ्यावेत व मग त्यांस हात न लावतां केवळ सबवूफर हलवावा. एका वेळीं दोन खुंट्या फिरविणारास काय बदललें तें कधींच कळत नाहीं. ऍम्प्लिफायरवर '०' व '१८०' असें लिहिलेली एक कळ असते, तिची परीक्षाहि अशीच. दोन्ही ध्वनिवर्धकांचे पडदे एकाच वेळीं पुढें येत असतील तर त्यांच्या लाटा एकमेकींस मिळतात. एक पुढें व एक मागें असेल तर एकमेकींस खातात. सीमेजवळचा स्वर चालू ठेवून चालकाच्या जागीं बसावें, दुसऱ्याकडून कळ दोन्ही बाजूंस करून घ्यावी, व ज्या बाजूस खर्ज भरदार लागेल तीच ठेवावी. यांत तर्कापेक्षां कानच खरा.

'बास बूस्ट' नांवाची जी तिसरी खुंटी, ती शून्यावर ठेवावी व विसरून जावें. ६ डेसिबलांची वाढ म्हणजे त्या स्वरांना चौपट शक्ति. गेन कितीहि हिशेबानें लावलेला असो, ही खुंटी तो सगळा हिशेब पुसून टाकते.

येथें तरुणांची एक तक्रार रास्त आहे. तीं मुलें म्हणतात कीं, हळू आवाजांत खर्ज ऐकूंच येत नाहीं. अमेरिकेंत फ्लेचर व मन्सन यांनीं १९३३ सालीं प्रयोगांनीं दाखविलें कीं आवाज लहान असतां कानाची खालच्या स्वरांविषयींची जाणीव मधल्या स्वरांपेक्षां पुष्कळच मंद असते. शिवाय धांवत्या गाडींत चाकांचा व वाऱ्याचा घोंघाट हाहि तळच्याच पट्टींतला. तो खर्जास झांकून टाकतो. म्हणून अंगणांत उभ्या गाडींत जें प्रमाण नेटकें वाटलें तें नागपूर रस्त्यावर थोडें कोरडें लागेल. यावर उपाय म्हणून पुष्कळ ऍम्प्लिफायरांसोबत चालकाच्या हाताशीं बसवावयाची एक लहान खुंटी येते. रस्त्यावर ती किंचित् वाढवावी, गांवांत शिरतांच उतरवावी. मूळचा गेन मात्र हलवूं नये.

तारांविषयीं थोडक्यांत. बॅटरीकडून येणाऱ्या जाड तारेवर बॅटरीपासून वीतदोन वितींच्या आंतच फ्यूज हवा. तो डिकींत असून उपयोग नाहीं, कारण मधें कोठें तार घासून पत्र्यास लागली तर आग लागते. जमिनीची तार आंखूड व रंग खरवडलेल्या स्वच्छ पत्र्यास घट्ट बांधलेली असावी. ती सैल असली कीं इंजिनाच्या वेगाबरोबर चढउतार करणारी शीळ गाण्यांत मिसळते. ४ ओहमचे दोन सबवूफर समांतर जोडले तर विरोध २ ओहम होतो. ऍम्प्लिफायरला तो सोसतो कीं नाहीं हें आधीं पाहावें. आणि आमच्या जिल्ह्यांत वैशाखांत पारा ४५ अंशांवर जातो, हें ज्या देशांत हीं यंत्रें घडतात तेथील कारागिरांच्या मनांतहि नसावें. उन्हांत उभ्या राहिलेल्या गाडीची डिकी भट्टीच असते. ऍम्प्लिफायर आसनाखालीं चटईंत गुंडाळल्यासारखा बसवूं नये. त्याच्या भोंवतीं वारा खेळला पाहिजे, नाहींतर तो तापून आपला आपणच बंद पडतो.

आतां शेजाऱ्यांविषयीं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणें वस्तीच्या भागांत दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबलांची मर्यादा आहे. रात्र म्हणजे दहापासून सहापर्यंत. शांतता-क्षेत्रासाठीं ही मर्यादा ५० व ४०. परंतु या मापनांत एक मेख आहे. मोजणीचें प्रमाण माणसाच्या कानाच्या कलाप्रमाणें बसविलेलें असल्यामुळें ५० कंपनांच्या स्वरांतून सुमारें ३० डेसिबल वजा धरले जातात. म्हणजे यंत्रावरील आंकडा नियमांत बसतो आणि शेजारच्या घरांतील खिडकीचीं तावदानें मात्र थरथरतात! उंच स्वर भिंतीवर अडतो. खर्ज भिंत ओलांडून जातो. पलीकडच्या खोलींत आजारी मनुष्य असेल तर त्याला गाणें ऐकूं येत नाहीं, नुसता ठोका येतो, व तोच अधिक असह्य. सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालयाच्या रस्त्यानें जातांना खर्जाची खुंटी शून्यावर न्यावी, हें सांगण्यास कायद्याच्या पाटीची गरज नसावी.

कानांचा हिशेब वेगळा. जागतिक आरोग्य संघटनेनें प्रौढांसाठीं ८० डेसिबल व आठवड्यास ४० तास ही सुरक्षित सीमा मानली आहे. आवाज ३ डेसिबलांनीं वाढला कीं तितक्याच हानीसाठीं निम्मा वेळ पुरतो. लहान मुलांसाठीं सीमा याहून खालची धरतात, आणि मोटारींत लहान मुलें मागच्या आसनावर, म्हणजे सबवूफरला पाठ टेकूनच बसतात. सोपी कसोटी अशी कीं, पुढच्या आसनावरून मागच्यास साध्या आवाजांत "पाणी दे" म्हटलें तर तें पहिल्या वेळींच ऐकूं गेलें पाहिजे.

सर्व खुंट्या जागेवर आल्यावर पुतण्यानें त्यांच्या टोकांवर व खालच्या पट्टीवर नखांच्या लाल रंगाची एकेक बारीक रेघ ओढून घेतली व आंकडे एका कागदावर लिहून तो मोटारीच्या कागदपत्रांत ठेवला. गाडी धुण्यास वा दुरुस्तीस गेली कीं तेथील पोरें हटकून खुंट्या पिळून पाहतात. परत आल्यावर दोन्ही रेघा एका ओळींत आहेत ना, एवढें डिकी उघडून पाहिलें कीं झालें.