पोरीच्या फायलीतला तो कागद

"कायले सांगाचं बाई कोणाले? उद्या पोरीच्या सोयरिकीत आडवं येते." अकोल्याचं लेडी हार्डिंग असो की अमरावतीचं डफरीन, लेकीच्या अंडाशयात गाठ निघाली की आईच्या तोंडून हे वाक्य हमखास ऐकू येतं. दहा-अकरा वर्षांची मुलगी, पोटात दुखतं, सोनोग्राफीत पाण्याची गाठ दिसते. डॉक्टर तिला सिस्ट म्हणतात. या वयातल्या बहुतेक गाठी साध्या असतात, कर्करोगाच्या नसतात. कित्येक तर दोन-तीन महिन्यांत आपोआप विरतात. मोठी असली तर ऑपरेशन करून काढतात. मग ती फाईल पेटीच्या तळाशी जाते, नाहीतर चुलीत. लेकीलाही सांगतात, तुझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं होतं.

हीच मुलगी पंचविशीत पुण्याला नोकरीला लागते, आरोग्य विमा काढते. फॉर्मात आधीच्या आजारांबद्दल, शस्त्रक्रियांबद्दल प्रश्न असतात. एजंट भराभर 'नाही'वर खुणा करतो आणि म्हणतो, ताई, इथं सही करा. तीन वर्षांनी पुन्हा पोट दुखतं. डॉक्टर जुना व्रण बघून केसपेपरवर लिहितात, पूर्वी शस्त्रक्रिया झालेली. माहिती लपवली म्हणून कंपनी तेवढ्या ओळीवर दावा अडवू शकते. लपवलं आईनं, सही मात्र लेकीची.

खरं म्हणजे लपवण्यासारखं त्यात काही नव्हतंच. विमा नियामकाच्या २०२४ च्या नियमांप्रमाणे 'आधीपासूनचा आजार' म्हणजे पॉलिसी घेण्याआधीच्या ३६ महिन्यांत निदान किंवा उपचार झालेला. लहानपणीच बरी झालेली गाठ त्यात बसत नाही. ताजी असली तरी आधीपासूनचा आजार म्हणून ३६ महिन्यांपेक्षा जास्त थांबवता येत नाही. पूर्वी ही मुदत ४८ महिने होती. मात्र फॉर्मात 'कधी शस्त्रक्रिया झाली का' असं विचारलं असेल तर सरळ हो लिहायचं, वर्षासकट. डिस्चार्ज कार्ड आणि गाठीच्या तपासणीचा रिपोर्ट जोडायचा. कंपनी हप्ता वाढवेल, एखादी नाहीही म्हणेल. दवाखान्याच्या काउंटरवर उभं राहून नाही ऐकण्यापेक्षा ते परवडलं.

पॉलिसीबरोबर आपण भरलेल्या फॉर्मची प्रत येते, ती वाचा. पटलं नाही तर ३० दिवसांत पॉलिसी परत करता येते. सलग पाच वर्षं पॉलिसी चालली, की फसवणूक सिद्ध केल्याशिवाय 'माहिती दिली नाही' या कारणावर दावा नाकारता येत नाही. त्याआधी नाकारला तर पहिली लेखी तक्रार कंपनीकडे. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल आहेत. तिथं फी नाही, वकीलही लागत नाही.

आणि सोयरिकीचं म्हणाल, तर एक अंडाशय काढावं लागलं तरी दुसरं काम करतं, बाई आई होऊ शकते. हे लेकीला दहावीच्या आसपास तरी सांगा. सातबारा आणि कापसाच्या पावत्या आपण प्लॅस्टिकच्या पिशवीत जपतोच. त्यातच तिच्या रिपोर्टची झेरॉक्सही ठेवा, आणि मूळ कागद तिच्या हाती द्या.