जुनी थकबाकी आणि तीन वर्षांची मुदत

क्रेडिट कार्डाची थकबाकी हे विनातारण कर्ज. घरकर्जात बँकेकडे घर गहाण असते. कार्डाच्या बाबतीत ग्राहकाची सही आणि खातेउतारा एवढाच ऐवज. म्हणून वसुली कोर्टात गेलीच, तर ऋणकोचा बचाव तारखेवर आणि कागदांवर उभा राहतो. गेल्या चार दशकांत वसुलीच्या तऱ्हा बदलत गेल्या, पण या दोन गोष्टींना पर्याय निघालेला नाही.

सेंट्रल बँकेने १९८० मध्ये आपले कार्ड बाजारात आणले तेव्हा मुदतीचा कायदा लागू होऊन दीड दशक उलटले होते. १९६३ च्या या कायद्यानुसार अशा पैशाच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे, आणि कलम ३ प्रमाणे मुदतबाह्य दावा प्रतिवादीने हरकत घेतली नाही तरी कोर्टाने फेटाळायचा असतो. (दाव्यांचे ढीग पाहता तारखांचा हिशेब प्रतिवादीनेच मांडलेला बरा.) त्याच १९८० च्या फेब्रुवारीत जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला की ऐपतच नसलेल्या माणसाला निव्वळ हुकूमनाम्याची रक्कम फेडली नाही म्हणून दिवाणी तुरुंगात धाडता येणार नाही. तरीही थकबाकीदाराला अटकेची भीती आजही फोनवरून घातली जाते.

१९८४ मध्ये बँकिंग नियमन कायद्यात कलम २१अ आले. व्याज फार आहे एवढ्याच कारणावरून बँकेचा हिशेब पुन्हा उघडायला कोर्टांना त्याने मनाई केली. नव्वदच्या दशकात कार्डे मध्यमवर्गात पोचली, त्यांच्यामागून वसुली एजंटही. दांडगाईच्या तक्रारी इतक्या वाढल्या की २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बँकांना खडसावले आणि एप्रिल २००८ मध्ये रिझर्व्ह बँकेने एजंटांसाठी नियम घातले. वसुली न्यायाधिकरणाची वाट कार्डाला सहसा खुली नव्हती, कारण तिथली किमान रक्कम आधी १० लाख आणि २०१८ पासून २० लाख. राहिले दिवाणी कोर्ट आणि लवाद.

दिवाणी कोर्टात ऋणको सर्वाधिक फसतो तो संक्षिप्त दाव्यात, म्हणजे वकिलांच्या भाषेत ‘समरी सूट’मध्ये. समन्स मिळाल्यापासून १० दिवसांत हजेरी नोंदवायची. पुढे निकालासाठीचे समन्स आले की आणखी १० दिवसांत बचावाची परवानगी मागायची. हे चुकले तर वादीला सरळ हुकूमनामा मिळतो. साध्या दाव्यात लेखी कैफियतीला ३० दिवस असतात, कोर्टाने सवड दिली तर ९० पर्यंत.

मुळात समन्स पोचते का, हाच प्रश्न असतो. बेलिफ जातो, दाराला कुलूप असते. तो प्रत दारावर डकवतो आणि तसा अहवाल कोर्टात देतो. पत्ता कार्डाच्या अर्जावरचा, म्हणजे कधी आठ वर्षांपूर्वी सोडलेल्या भाड्याच्या खोलीचा. मग दाव्याची पहिली वार्ता पगारजप्तीच्या आदेशाबरोबर कचेरीत येते. समन्स रीतसर बजावले नसेल तर एकतर्फी हुकूमनामा रद्द करण्याचा अर्ज तो कळल्यापासून ३० दिवसांत करता येतो. जप्तीलाही मर्यादा आहे: पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन-तृतीयांश तिच्याबाहेर राहतात.

तीन वर्षांचा हिशेब दिसतो तितका सरळ नाही. खाते जून २०१८ च्या मध्यावर थकले असेल तर मुदत जून २०२१ मध्ये संपायला हवी. पण कोविडमुळे सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ वगळला. तेव्हा शिल्लक असलेले सुमारे १५ महिने १ मार्च २०२२ पासून मोजले, की मुदत मे २०२३ च्या अखेरीपर्यंत जाते. शिवाय मुदत संपण्याआधी ऋणकोने सही करून कर्ज कबूल केले, तडजोडीच्या पत्रात का होईना, तर तीन वर्षे नव्याने सुरू होतात. दोन हजारांचा चेक दिला तरी तेच. मुदत उलटल्यावर नुसती कबुली पुरत नाही. मात्र ‘पैसे देईन’ असे सही करून लिहून दिले तर करार कायद्याच्या कलम २५(३) प्रमाणे तो नवा करार ठरतो. फोनवरचा गोड आवाज ‘फक्त एक ईमेल टाका’ म्हणतो तेव्हा हा धोका लक्षात घ्यावा.

कागदांत पहिली मागणी सही केलेल्या अर्जाची, मग महिन्यागणिक स्टेटमेंटांची. जुन्या पुरावा कायद्याचे कलम ३४ स्पष्ट होते: हिशेबवहीतल्या नोंदी एकट्या कुणाच्या माथी देणे मारायला पुरेशा नाहीत. संगणकातून छापलेल्या उताऱ्याला प्रमाणपत्रही लागते. कर्ज दुसऱ्या कंपनीला विकले असेल, तर हेच खाते विकले गेल्याचा दस्त तिने दाखवायला हवा.

लवादात बँकेने एकतर्फी नेमलेला लवाद हा आता मोठा आक्षेप आहे. २०१९ च्या पर्किन्स ईस्टमन निकालापासून निकालात हितसंबंध असलेल्या पक्षाने एकमेव लवाद नेमणे बाद ठरते. लोकअदालतीच्या नोटिशीला लोक समन्स समजतात, ते चूक. तिथे संमतीशिवाय काहीच ठरत नाही. पण एकदा तडजोडीवर सही झाली की तिच्यावर अपील नाही.

व्याजाचा बचाव बराच काळ लटकत राहिला. ७ जुलै २००८ रोजी राष्ट्रीय ग्राहक आयोगाने वर्षाला ३० टक्क्यांवरचे व्याज अनुचित ठरवले होते. २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. दराविरुद्धचा ओरडा त्यामुळे थंडावला, आकारणीविरुद्धचा नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांप्रमाणे न भरलेले शुल्क आणि कर मुद्दलात मिळवून त्यावर व्याज चढवता येत नाही, आणि ते चढवले का, हे स्टेटमेंटच्या एकेका ओळीवरून काढावे लागते.