ग्रॅहॅम टेलर यांची कनिष्ठ विभागांतील कारकीर्द

ग्रॅहॅम टेलर (१५ सप्टेंबर १९४४ – १२ जानेवारी २०१७) हे इंग्लिश फुटबॉलपटू व व्यवस्थापक होते. १९९० ते १९९३ या काळात ते इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाचे व्यवस्थापक होते आणि जगभर त्यांची ओळख मुख्यतः त्या अपयशी कालखंडावरूनच झाली. लिंकन सिटी व वॉटफर्ड या लहान शहरांतील क्लबांचे समर्थक मात्र त्यांचे मूल्यमापन अगदी वेगळ्या मोजपट्टीने करतात. खालच्या विभागांत मिळवलेल्या यशाला किती वजन द्यावे, हा इंग्लिश फुटबॉलमधील जुना वाद टेलर यांच्या संदर्भात आजही चालू असतो.

पार्श्वभूमी

टेलर यांच्या काळात इंग्लिश फुटबॉल लीगमध्ये चार विभागांत मिळून ९२ क्लब खेळत. प्रत्येक हंगामाच्या शेवटी वरच्या क्रमांकाच्या संघांना बढती मिळे आणि तळाचे संघ खालच्या विभागात जात. म्हणजे चौथ्या विभागातील क्लबला पहिल्या विभागापर्यंत चढण्याची वाट तत्त्वतः खुली होती. प्रत्यक्षात पैसा, मैदाने आणि प्रेक्षकसंख्या यांमुळे ती फार थोड्यांना चालून जाता आली.

टेलर यांचे वडील क्रीडा पत्रकार होते. पुढे वृत्तपत्रांनी टेलर यांची जी अवस्था केली ती पाहता हा तपशील काहीसा विचित्र वाटतो. खेळाडू म्हणून ते ग्रिम्सबी टाउन व लिंकन सिटी या संघांकडून बचावफळीत खेळले. दुखापतीमुळे खेळणे थांबले आणि डिसेंबर १९७२ मध्ये, वयाच्या अवघ्या २८ व्या वर्षी, लिंकनने त्यांच्याकडे व्यवस्थापकपद सोपवले.

लिंकन सिटी

१९७४-७५ च्या हंगामात लिंकनची बढती केवळ गोलांच्या सरासरीवर हुकली; चेस्टरचे गुण तेवढेच होते. पुढच्या हंगामात या संघाने चौथा विभाग अक्षरशः पादाक्रांत केला. ४६ सामन्यांपैकी ३२ विजय, १० बरोबरी, ४ पराभव; १११ गोल केले आणि ३९ स्वीकारले. त्या वेळी विजयाला दोनच गुण मिळत. या हिशेबाने झालेले ७४ गुण हा दोन गुणांच्या पद्धतीतील लीगचा विक्रम ठरला. आजच्या तीन गुणांच्या पद्धतीने त्यांचे १०६ गुण होतात. रेडिंगने २००५-०६ मध्ये दुसऱ्या स्तरावर नेमके एवढेच गुण मिळवले, म्हणून हा आकडा समर्थकांच्या चर्चेत हटकून येतो.

आक्षेप घेणारे म्हणतात की प्रतिस्पर्धी दुबळे होते. हा आक्षेप पुरता खोटा नाही. परंतु त्याच दुबळ्या प्रतिस्पर्ध्यांशी खेळून इतर कोणत्याही संघाला ही मजल मारता आली नव्हती, आणि लिंकनकडे खर्चायला पैसाही नव्हता. टेलर गेल्यानंतर दोनच वर्षांनी, १९७९ मध्ये, लिंकन पुन्हा चौथ्या विभागात आला.

वॉटफर्ड

गायक एल्टन जॉन १९७६ मध्ये वॉटफर्डचे अध्यक्ष झाले आणि १९७७ मध्ये त्यांनी टेलर यांना आणले. क्लब तेव्हा चौथ्या विभागात होता. पहिल्याच हंगामात ७१ गुणांसह विजेतेपद मिळाले, दुसऱ्या हंगामात तिसऱ्या विभागातूनही बढती. याच दुसऱ्या हंगामात, ऑक्टोबर १९७८ मध्ये, लीग चषकात वॉटफर्डने मँचेस्टर युनायटेडला त्यांच्याच ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर २-१ असे हरवले. दोन्ही गोल लूथर ब्लिसेट यांचे होते. दुसऱ्या विभागात मात्र तीन वर्षे जावी लागली. १९८२ मध्ये संघ प्रथमच पहिल्या विभागात पोहोचला आणि १९८२-८३ मध्ये लिव्हरपूलच्या पाठोपाठ थेट दुसरा आला. ब्लिसेट व रॉस जेंकिन्स हे चौथ्या विभागापासून संघाबरोबर चढत आलेले खेळाडू होते. टेलर यांच्या बाजूने मांडला जाणारा सर्वांत भक्कम पुरावा बहुधा हाच आहे, कारण केवळ नवे खेळाडू विकत घेऊन हे यश मिळाले असे म्हणता येत नाही. १९८४ मध्ये संघाने एफए चषकाची अंतिम फेरी गाठली. तेथे एव्हर्टनने त्यांना २-० असे हरवले.

विरोधी बाजूचे मुद्दे दोन आहेत. पहिला, एल्टन जॉन यांच्या पैशाचा. अध्यक्षांचा पैसा नसता तर ही चढण इतक्या वेगाने झाली नसती, हे मान्य करावेच लागते. मात्र श्रीमंत अध्यक्ष लाभूनही खालीच राहिलेले क्लब काही थोडे नाहीत. दुसरा मुद्दा खेळाच्या शैलीचा. मधल्या फळीला टाळून चेंडू लांब फटक्याने पुढे धाडायचा व प्रतिपक्षावर सतत दाब ठेवायचा, ही पद्धत अनेकांना रुक्ष वाटे. वॉटफर्डचे समर्थक यावर जॉन बार्न्स यांच्याकडे बोट दाखवतात. हौशी फुटबॉलमधून आलेला हा विंगर टेलर यांच्याच संघात घडला.

क्लबचे शहराशी नाते हा भाग आकड्यांत येत नाही. खेळाडूंनी शाळा, रुग्णालये व स्थानिक कार्यक्रमांना जावे असा टेलर यांचा आग्रह असे, आणि कुटुंबांना मैदानावर निर्धास्तपणे येता यावे यासाठी क्लबने मुद्दाम प्रयत्न केले. त्या दशकात इंग्लिश मैदानांवर हुल्लडबाजी बोकाळली होती, हे लक्षात घेतले म्हणजे या कामाचे मोल कळते. १९८७ मध्ये टेलर अ‍ॅस्टन व्हिलाकडे गेले आणि पुढच्याच हंगामात वॉटफर्डची पहिल्या विभागातून घसरण झाली. अर्थात बार्न्सही त्याच उन्हाळ्यात लिव्हरपूलकडे गेले होते.

इंग्लंडनंतर

व्हिलाला एका हंगामात बढती व १९९० मध्ये लीगचे उपविजेतेपद मिळवून दिल्यावर टेलर राष्ट्रीय संघाकडे गेले. ३८ सामन्यांत १८ विजय व ७ पराभव हे आकडे वाटतात तितके वाईट नाहीत. परंतु १९९२ च्या युरो स्पर्धेत स्वीडनकडून झालेला पराभव आणि १९९४ च्या विश्वचषकाची हुकलेली पात्रता या दोन गोष्टी त्यांना भोवल्या. एका वृत्तपत्राने त्यांचे डोके सलगमाच्या रूपात छापले, आणि ते चित्र त्यांना आयुष्यभर चिकटले.

वुल्व्हरहॅम्प्टन वाँडरर्समध्ये पैसा असूनही बढती मिळाली नाही. १९९५ च्या प्ले-ऑफमध्ये बोल्टनने त्यांना रोखले. टेलर केवळ वॉटफर्डमध्येच यशस्वी झाले असते असे म्हणणारे हाच दाखला देतात, पण लिंकन व व्हिला त्यांच्या हिशेबात बसत नाहीत. वॉटफर्डला परतल्यावर त्यांनी १९९८ मध्ये तिसऱ्या स्तरावरील विजेतेपद आणि १९९९ मध्ये प्ले-ऑफच्या अंतिम सामन्यात बोल्टनवर २-० असा विजय मिळवून क्लबला प्रीमियर लीगमध्ये नेले. तेथे संघ २४ गुणांसह तळाला राहून लगेच खाली आला. २०१४ मध्ये व्हिकरेज रोड मैदानावरील एका प्रेक्षागृहाला टेलर यांचे नाव देण्यात आले, आणि त्यांच्या निधनानंतर मैदानाबाहेर त्यांचा पुतळा उभारण्यात आला.