न सुटणारी गाडी

लग्नाला १२ वर्षे झाली, पण दोघेच असे कुठे गेलो नव्हतो. या डिसेंबरात मुलांना आजीकडे सोडले आणि हैदराबादजवळच्या रामोजी फिल्म सिटीत दोन रात्री मुक्काम केला. १९९६ साली सुरू झालेली ही चित्रनगरी १,६०० एकरांहून अधिक जागेवर पसरली आहे. राहायची हॉटेलेही आवारातच आहेत.

"थंडी असेल," म्हणून यांनी स्वेटर, मफलर, माकडटोपी सगळे चढवले. दुपारपर्यंत ते सारे माझ्या पिशवीत आले! उंच पाळण्यात मी एकटीच बसले. हे खाली उभे राहून माझी पर्स सांभाळत होते.

मग रेल्वे स्थानकाचा सेट लागला. समोर फलाट, उभी गाडी. यांनी सवयीने घड्याळ पाहिले आणि ओरडले, "चल, लवकर!" शेजारची मुले खो खो हसली. हे ओशाळून बाकावर बसले.

"बारा वर्षं नुसत्या गाड्याच पकडतोय गं," ते हळूच म्हणाले. "तुझ्याशी निवांत बोललोच नाही."

ती गाडी सुटणार नव्हती. आम्ही तासभर बोलत बसलो.

परतीची बस मात्र चुकली!